तिसऱ्यांदा तीच मांडणी

माझी पत्नी गेली त्याला आता वर्ष होत आले. मुलगी रोज फोन करते. आम्ही हवापाण्याचे बोलतो, औषधांचे बोलतो, आणि जिच्याविषयी बोलायचे असते तिला दोघेही टाळतो. म्हणून मी लिहायला बसलो आहे. जमेल तसे, एकेक परिच्छेद. तिच्या आजारपणाविषयी मला काही लिहायचे नाही. लिहायचे आहे ते एका उन्हाळ्याविषयी. त्या उन्हाळ्यात तिने एका यंत्राला बुद्धिबळ नीट खेळायला शिकवले आणि त्या यंत्राने तिच्या वडिलांना मात दिली. आमच्या संसारात सुखाचे दिवस पुष्कळ आले, पण जिंकल्याचा आनंद इतका निखळ पुन्हा कधी मिळाला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी भंडाऱ्याला एका कॉलेजात गणित शिकवत होतो. कॉलेजला एक लहानसा संगणक मिळाला होता. कीबोर्डच्या पोटातच सगळे यंत्र, पडदा म्हणून साधा टीव्ही, आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांची असते तशी कॅसेट. त्याचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजच्या खोलीच्या पत्र्याखाली ते वितळेल, या भीतीने प्राचार्यांनी मला ते घरी न्यायची परवानगी दिली. मी ते आणून बैठकीतल्या टेबलावर मांडले आणि पुस्तक उघडून वाचत बसलो. चार दिवसांत माझ्या लक्षात आले की पुस्तक मी वाचतो आहे आणि यंत्र ती चालवते आहे.

ती गणिताची पदवीधर. लग्न झाले, मुलगी झाली, आणि पुढचे शिक्षण राहिले. तिचे माहेर पवनीजवळचे आसगाव. वडील धानाचे शेतकरी आणि पंचक्रोशीत नावाजलेले बुद्धिबळ खेळणारे. मुलींनी पटावर बसायची रीत त्या घरी नव्हती, पण पटाच्या बाजूला बसायची होती. आसगावला डाव मांडला की दोन खेळणारे आणि एक पाहणारा असे तिघे बसत. पाहणाऱ्याचे काम एकच. पट गोल फिरू लागला की त्या मांडणीसाठी त्याने एक चिंचोका बाजूला ठेवायचा, आणि तीच मांडणी पुन्हा आली की आणखी एक. तिसरा चिंचोका पडला की डाव बरोबरीत उठला. खेळणाऱ्यांनी मोजायचे नाही, बोलायचे नाही, वाद घालायचा नाही. मोजणे पाहणाऱ्याचे. माझी पत्नी फ्रॉकात होती तेव्हापासून वडिलांच्या पटाशी पाहणारी म्हणून बसत आली होती. चिंचोके ठेवता ठेवता ती सगळा खेळ शिकली, आणि हे लग्न होईपर्यंत वडिलांना कळले नाही.

तेव्हा यंत्राला काहीतरी करायला लावायचे म्हटल्यावर तिने बुद्धिबळच निवडले, यात नवल नव्हते. प्रोग्राम आम्ही दोघांनी मिळून लिहिला. चाली शोधण्याचा भाग तिचा, पट दाखवण्याचा माझा. यंत्राची स्मृती इतकी तोकडी होती की एकेक ओळ कापून बसवावी लागे. दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून आम्ही आकड्यांचे कागद पसरायचो, आणि मुलगी त्यांच्यावर झोपून जायची.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, एप्रिलात आले. सोबत नवे तांदूळ आणि हातात पट गुंडाळलेली पिशवी. कॅसेटवरून प्रोग्राम चढताना यंत्र जो किंकाळ्यांसारखा आवाज काढी, तो ऐकून ते दारातच थांबले.

"हे काय मांजर कोंडून ठेवलं का, जावईबापू?"

"बाबा, हे बुद्धिबळ खेळते," ती म्हणाली.

"खेळते? मंग बसव त्याले समोर. माणसं त काही उरले नाहीत आमच्या गावात."

पहिल्या डावात यंत्राने त्यांना चकित केले. घाईत त्यांनी एक घोडा उघडा टाकला आणि यंत्राने तो उचलला. पुढे हत्तीही गेला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहायलाही घाबरत होतो. मामाजींचा राजा कोपऱ्यात सापडला, यंत्राचा वजीर समोर आला, शह दिला. राजा शेजारच्या घरात सरकला. वजिराने दुसरीकडून शह दिला. राजा परत आला. वजीरही परत आला आणि पुन्हा तोच शह. मामाजींनी मिशीवरून हात फिरवला. आता ते अगदी निवांत खेळू लागले. राजा इकडे, राजा तिकडे. थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरे उमटली : तीच मांडणी तिसऱ्यांदा, डाव बरोबरीत.

मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"चुरन्यातल्या बैलावानी फिरून राहिलं न तुमचं हे! खुंट्याभोवती गरगर, गरगर. अरे, घोडा खाल्ला, हत्ती खाल्ला, आन मात काहून नाही दिली?"

धान मळताना खुंट्याभोवती फिरणारे बैल आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते. उपमा इतकी चपखल होती की राग येण्याची सोयही नव्हती.

त्याच संध्याकाळी तिने वडिलांना खरी गोष्ट सांगितली. नागपूरला संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू होता आणि तिला त्यात जागा मिळत होती. यंत्रावर हात बसवायची वेळ संध्याकाळची, त्यामुळे रोज जाणे-येणे शक्य नव्हते. तिला तिथे राहावे लागणार होते. माझ्या घरी वडीलधारे कोणी नाही. मी दिवसभर कॉलेजात. मुलीला वर्षभर आसगावला आजी-आजोबांकडे ठेवले तरच हे जमणार होते.

मामाजींनी पट गुंडाळून पिशवीत ठेवला.

"पोरीले ठेवायले ना नाही," ते म्हणाले. "पन शिकनं झालं, संसार झाला, आता हे काहून? नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी, पोरगी तिसऱ्या. मले नाही पटत, बाई."

"बाबा, हे काम मले येते."

"काय येते? बैल फिरवनं?"

ती उठून आकड्यांचे कागद गोळा करू लागली. त्यांनाही जास्त बोलल्यासारखे वाटले असावे, कारण जरा वेळाने ते स्वतःच हसून म्हणाले, "बरं, असं कर. तुह्या या डब्ब्यानं मले मात दिली त जा नागपूरले. पोरगी मी सांभाळतो. पन मात पाह्यजे. बरोबरी नाही चालायची."

ते थट्टेत बोलले असे मला वाटले. ती मात्र त्यांना ओळखून होती. पटावर दिलेला शब्द ते मोडत नसत. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकायचे दिवस आले की ते शेत सोडून हलणार नव्हते आणि नागपूरच्या प्रवेशाची मुदतही तोवर संपणार होती. त्याआधी ते बाजाराच्या निमित्ताने फार तर दोनदा भंडाऱ्याला येणार होते.

दुसऱ्या दिवसापासून ती त्या एका गोष्टीच्या मागे लागली. जिंकलेला डाव यंत्र गोल का फिरवते?

आम्ही प्रोग्राम पुन्हा वाचला. तीच मांडणी मोजण्याचे काम त्यात व्यवस्थित होते. पण ते होते कुठे? पट दाखवणाऱ्या भागात, माझ्या भागात. चाल खेळून झाली की तिथे मोजणी होई आणि तिसऱ्यांदा तेच आले की पडद्यावर सूचना येई. चाली शोधणाऱ्या भागाला, म्हणजे यंत्र जिथे विचार करते तिथे, याचा पत्ताच नव्हता. शह देत राहिले तरी आपण हत्तीने पुढे, दुसरे काही केले तरी हत्तीने पुढे. मग जी चाल आधी सापडली ती खेळायची. यंत्राच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती.

"पण मोजणी तिथे ठेवायचं कोणाला सुचलं?" मी विचारले.

"मला," ती म्हणाली. "दुसरीकडे ठेवायची असते हे डोक्यातच आलं नाही. मोजायचं ते पाहणाऱ्यानं, खेळणाऱ्यानं नाही." आणि मग एकाएकी ती थांबली. "पण अहो, बाबा चोरून पाहायचे."

"काय?"

"माझ्या चिंचोक्यांकडे! मान खाली, डोळे पटावर, आणि मधूनच तिरकी नजर माझ्या हाताकडे. एक पडला आहे का दोन, हे त्यांना बरोबर माहीत असायचं. त्यावरच खेळायचे ते. कबूल कधी करणार नाहीत." ती उठून उभीच राहिली. "विचार करणाऱ्याला चिंचोके दिसले पाहिजेत. नाहीतर तो आंधळा आहे."

तिने त्या आठवड्यात मोजणी विचाराच्या आत नेली. डावात आजवर येऊन गेलेल्या मांडण्यांची एक रांग यंत्रापाशी राहू लागली आणि पुढचा विचार करताना त्यातली एखादी तिसऱ्यांदा येताना दिसली की तिथे बरोबरी धरायची, असे तिने लिहिले. पटावर ती खरोखर तिसऱ्यांदा येण्याची वाट पाहायची नाही. दुसरा चिंचोका पडला की तिसरा पडू न देणारी चाल शोधायची. मला ते फार सुंदर वाटले.

मामाजी मे महिन्यात आले, तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. यंत्राने पुन्हा त्यांचा हत्ती मिळवला. त्यांनी पुन्हा राजा कोपऱ्यात नेला, आता मुद्दामच. आणि यंत्राने पुन्हा तेच केले. इकडून शह, तिकडून शह, इकडून शह.

"चिंचोके आन वो बाई," मामाजी म्हणाले. "पडद्यावर काय मजा नाही." आणि तिसरा चिंचोका त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवला.

या वेळी ते हसले नाहीत. जेवताना तिच्या ताटात भाकर वाढायला लावली आणि म्हणाले, "होते असं. सोड आता." ते हसले असते तर बरे झाले असते.

ते गेल्यावर ती दोन दिवस यंत्राजवळ गेली नाही. मी कागद चाळत होतो. या वेळची चूक शोधायला आम्हाला वेळ लागला, कारण ती चूक आमच्या सर्वात लाडक्या भागात होती.

तो भाग थोडा सांगितला पाहिजे. बुद्धिबळात एकाच मांडणीला अनेक वाटांनी पोचता येते. आधी घोडा मग प्यादे, किंवा आधी प्यादे मग घोडा. शेवटी पट तोच. दरवेळी त्या मांडणीचा नव्याने विचार करण्यात यंत्राचा वेळ जाई. म्हणून आम्ही स्मृतीचा एक कोपरा राखून त्यात साठवण केली होती. एखाद्या मांडणीचा विचार झाला की तिच्यावरून एक आकडा काढायचा आणि त्या आकड्यापाशी निकाल ठेवून द्यायचा : जिंकलेली, हरलेली, किंवा समसमान. पुन्हा तीच मांडणी दिसली की तयार निकाल उचलायचा. या साठवणीमुळेच तर ते इवलेसे यंत्र मामाजींपुढे टिकत होते.

आणि तीच आड येत होती. नवी मोजणी आम्ही साठवणीच्या नंतर लिहिली होती. यंत्र आधी साठवणीला विचारी. तिथे त्या मांडणीपुढे कधीचे लिहिलेले असे : जिंकलेली. ते उत्तर घेऊन ते परत फिरे. मोजणीपर्यंत पोचतच नसे. चिंचोके समोर ठेवले होते, पण तिकडे मान वळवण्याआधीच यंत्राचा विचार संपत होता.

मी तिला हे दाखवले. तिने कागद हातातून ओढून घेतला, वाचला आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. "म्हणजे आधी चिंचोके, मग आठवण!" एवढे म्हणून ती टेबलाशी बसली. दोन ओळींची अदलाबदल. मी चहा करून आणेपर्यंत काम झालेही.

पण आता दुखणे उलटे झाले. आम्ही दोघे आळीपाळीने यंत्राशी खेळून पाहत होतो. गोल फिरणे थांबले, मात्र यंत्र भित्रे झाले. सरळ जिंकता येणाऱ्या मांडणीपासून ते दूर पळू लागले. वजिराने एक पाऊल टाकले की मात, आणि हे आपले दुसरीकडेच प्यादे ढकलते आहे. साठवणीत डोकावून पाहिले तर त्या जिंकलेल्या मांडणीपुढे लिहिलेले : समसमान.

हे कसे झाले? मी आकडेमोडीत चूक शोधत बसलो. ती खिडकीशी उभी राहून विचार करत होती. खिडकीच्या ओल्या पडद्याचे पाणी तिच्या पदरावर ठिबकत होते.

"ती मांडणी समसमान नाहीच," ती हळूहळू म्हणाली. "आपण फिरून तिथे आलो, म्हणून त्या वेळी बरोबरी धरली. दुसऱ्या वाटेनं आलो असतो तर जिंकलो असतो. बरोबरी त्या वाटेची होती, आणि आपण ती मांडणीच्या नावावर लिहून ठेवली."

"मग वाटही साठवायची?"

"इतकी जागा कुठे आहे? नाही. फिरण्यातून आलेला निकाल साठवायचाच नाही. तेवढ्यापुरता वापरायचा आणि विसरून जायचा."

मी अनेक वर्षे गणित शिकवले. इतक्या स्वच्छ शब्दांत विचार मांडणारी माणसे मला फार भेटली नाहीत. ती माझ्या घरातच होती आणि मी तिला चहा देत होतो, याचा मला त्या दुपारी जो अभिमान वाटला तो आज लिहितानाही तसाच आहे.

प्रत्येक निकालाला तिने एक खूण जोडली. फिरण्यातून आलेला असेल तर खूण लावायची, आणि त्याच्यावर आधारलेल्या वरच्या निकालालाही ती लावत जायची. खूण असलेले काहीही साठवणीत जाणार नाही. यामुळे यंत्र किंचित मंद झाले. ते आम्ही सोसले.

मामाजी पुन्हा आले ते मृगाच्या तोंडावर. आकाश भरून येत होते आणि त्यांचे सगळे लक्ष शेताकडे होते. "एकच डाव," ते म्हणाले. "मंग मी पऱ्ह्याले लागतो." पत्नीने वाटीत चिंचोके घेतले आणि लहानपणी बसत असे तशी पटाच्या बाजूला बसली. यंत्राची चाल पडद्यावरून वाचून मी पटावर खेळत होतो.

या वेळी त्यांनी एकही मोहरा फुकट दिला नाही. डाव खूप चालला. पण पुढे वजिराच्या एका दुहेरी माऱ्यात त्यांचा उंट गेला आणि मग ती ओळखीची मांडणी दिसू लागली. त्यांचा राजा कोपऱ्यात. यंत्राचा वजीर समोर. शह. राजा सरकला. शह. राजा परत आला.

पत्नीने एक चिंचोका ठेवला. थोड्या चाली इकडेतिकडे होऊन तोच पट पुन्हा उभा राहिला. तिने दुसरा ठेवला. मामाजींनी मान वर केली नाही, पण त्यांची नजर तिरकी होऊन त्या दोन चिंचोक्यांना लागून आली. मी पाहिले. तिनेही पाहिले.

"ठेव तिसरा," ते म्हणाले आणि मागे टेकले.

यंत्र विचार करत राहिले. पडद्यावर नुसता चौकोन लुकलुकत होता. वाऱ्याने खिडकी आपटली आणि वीज जाते की काय म्हणून मी दिव्याकडे पाहिले. मग चाल उमटली. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि वजीर उचलून शेजारच्या घरात ठेवला. शह नव्हता. काहीच नव्हते. नुसते एक घर बाजूला.

मामाजी पुढे वाकले. "हे शह काहून नाही देऊन राहिलं?"

"त्याले चिंचोके दिसून राहिले, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी राजाला हात लावला आणि थांबले. परत जायचे घर त्या गप्प बसलेल्या वजिराने अडवले होते. दुसरे घर त्यांच्याच प्याद्याने भरले होते. त्यांनी हत्ती मधे आणला. यंत्राने प्यादे पुढे टाकले. ते डाव सोडणाऱ्यांतले नव्हते; शेवटची चाल होईपर्यंत खेळले, आणि मी मातेची चाल वाचून दाखवली तेव्हा त्यांनी आपला राजा हाताने आडवा केला नाही, तर पुष्कळ वेळ न्याहाळला.

"आता सांग," ते तिला म्हणाले. "याले काय शिकवलं तू?"

तिने सांगितले. पहिली चूक, दुसरी, तिसरी. चिंचोके पटावर मांडून, वाट कोणती आणि मांडणी कोणती, सगळे. ते मधेमधे प्रश्न विचारत होते आणि सगळे प्रश्न बरोबर होते. मी उठून आत गेलो. मुलीचे कपडे पिशवीत भरायचे होते.

"जावईबापू," त्यांनी बाहेरून हाक मारली, "मी तुमच्याकून हरलो नाही हं. माह्या पोरीनं हरवलं मले."

"हो मामाजी," मी म्हणालो. "मी नुसत्या सोंगट्या हलवत होतो."

दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. मुलगी आजोबांच्या खांद्यावर बसली होती. पवनीच्या गाडीत चढताना त्यांनी कंडक्टरला थांबवले आणि शेजारच्या पाटीवाल्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले, "पाहून घ्या माही लेक. नागपूरले चालली शिकाले. काल हिनं बनवलेल्या यंत्रानं मले मात दिली. मले! आसगावात विचारा कोणालेही." कंडक्टर तिकिटे फाडत हो-हो म्हणत होता. आत बसल्यावरही ते पुढच्या बाकावरच्या माणसाला तेच सांगताना दिसत होते, हातांनी पट काढून.

गाडी वळली. ती रडेल असे मला वाटले होते. तिने पदराने कपाळ पुसले, फलाटावरची पाटी वाचली आणि मला विचारले, "नागपूरची पहिली गाडी किती वाजता आहे?"